चार मतं: व्हर्जिनियातल्या बंदूकमालकांनी २०२० साली काय राखलं, काय गमावलं

सोमवार, १७ फेब्रुवारी २०२०. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याची राजधानी रिचमंड. सिनेटच्या न्यायविषयक समितीपुढे एचबी ९६१ हे विधेयक आलं. ‘असॉल्ट फायरआर्म’ या नावाखाली येणाऱ्या बंदुका, १२पेक्षा जास्त गोळ्यांची मॅगझिन (बंदुकीला लागणारी गोळ्यांची पेटी) आणि सायलेन्सर यांच्या विक्रीवर बंदी घालणारं. समितीत १५ सदस्य होते, ९ डेमोक्रॅट आणि ६ रिपब्लिकन. विधेयक डेमोक्रॅटांचं, गव्हर्नर डेमोक्रॅट, खालचं सभागृह म्हणजे ‘हाउस’ आठवड्याभरापूर्वीच हो म्हणून मोकळं झालेलं. तरीही समितीने १० विरुद्ध ५ मतांनी ते २०२१वर ढकललं आणि अभ्यासासाठी राज्याच्या गुन्हेविषयक आयोगाकडे पाठवलं. क्री डीड्स, जॉन एडवर्ड्स, चॅप पीटरसन आणि स्कॉट सुरोवेल हे चार डेमोक्रॅट रिपब्लिकनांच्या बाजूला गेले होते.

या चार मतांपर्यंत गोष्ट कशी पोचली, हा या प्रकरणाचा गाभा आहे. बाहेर चर्चा झाली ती रस्त्यावर रायफली घेऊन उतरलेल्या हजारो माणसांची. पण हाउसमध्ये बहुमत गेलेलं असताना बंदूकमालकांच्या हाती जे उरलं होतं ते सिनेटच्या आकड्यात होतं, आणि ज्यांनी तो आकडा लवकर वाचला त्यांचं काम कामी आलं.

सुरुवात दुःखातून झाली. ३१ मे २०१९ रोजी व्हर्जिनिया बीच शहराच्या नगरपालिका संकुलात तिथल्याच एका अभियंत्याने १२ जणांचा जीव घेतला. त्याच्याकडे पॉइंट ४५ कॅलिबरची पिस्तुलं होती, जास्त गोळ्यांची मॅगझिन होती आणि एका पिस्तुलाला सायलेन्सर होता. या विषयावर कोणत्याही बाजूने लिहिताना त्या १२ घरांना विसरून चालणार नाही. पुढच्या विधेयकांतली मॅगझिन आणि सायलेन्सरची कलमं थेट त्या दिवसातून आलेली होती. गव्हर्नर राल्फ नॉर्दम यांनी ९ जुलैला खास अधिवेशन बोलावलं. तेव्हा बहुमत रिपब्लिकनांकडे होतं. त्यांनी साधारण दीड तासात, एकाही विधेयकावर मत न घेता, सगळं आयोगाकडे टोलवून अधिवेशन उठवलं.

ही मोठी चूक होती. त्या दिवशी एखाद-दुसऱ्या विधेयकावर चर्चा झाली असती, हरवलेल्या बंदुकीची खबर देण्यासारखी साधी तरतूद मान्य झाली असती, तर नोव्हेंबरच्या प्रचारात ‘यांनी दीड तासात दार लावून घेतलं’ हे वाक्य विरोधकांच्या हाती आयतं पडलं नसतं. ५ नोव्हेंबरला मतदान झालं. हाउस ५५–४५ आणि सिनेट २१–१९, दोन्ही डेमोक्रॅटांकडे गेली. दोन दशकांहून अधिक काळाने राज्याची सगळी सत्ता त्यांच्या हाती आली. बंदूकनियंत्रणवाद्यांच्या ‘एव्हरीटाउन’ या संघटनेने या निवडणुकीत सुमारे २५ लाख डॉलर ओतले होते. बंदूकमालकांची बाजू मांडणाऱ्या नॅशनल रायफल असोसिएशनचं मुख्यालय व्हर्जिनियातच, फेअरफॅक्समध्ये आहे, पण खर्चात ती कितीतरी मागे राहिली.

एका मसुद्याने पेटलेलं रान

१८ नोव्हेंबरला पुढच्या अधिवेशनासाठी विधेयकं आधीच दाखल करायला सुरुवात झाली आणि पहिल्याच दिवशी सिनेटर डिक सॅस्लॉ यांचं एसबी १६ आलं. त्यात ‘असॉल्ट फायरआर्म’ची व्याख्या रुंदावली होती. विक्री, खरेदी, हस्तांतर यांच्याबरोबर नुसतं बाळगणंही ‘क्लास ६’ गंभीर गुन्हा ठरत होतं. म्हणजे १ ते ५ वर्षं कैद, किंवा ज्यूरीला वाटल्यास १२ महिन्यांपर्यंत तुरुंगवास आणि २,५०० डॉलरपर्यंत दंड. आधीपासून घरात असलेल्या बंदुकांना वगळणारं कलमच नव्हतं.

कायद्याच्या मसुद्यात ‘बाळगणे’ हा एक शब्द काय करतो, हे इथे दिसतं. विक्रीवरची बंदी उद्याच्या गिऱ्हाइकाला लागते. बाळगण्यावरची बंदी आज कपाटात कायदेशीर रायफल ठेवून झोपलेल्या माणसाला लागते. दोन-तीन आठवड्यांतच नॉर्दम यांनी जाहीर केलं की जुन्या मालकांना नोंदणी करून बंदूक ठेवता येईल. तोवर उशीर झाला होता. शिवाय ज्यांना मुळात नोंदणीचीच भीती होती, त्यांना ‘नोंदणी करा, मग ठेवा’ हे आश्वासन वाटलंच नाही.

व्याख्याही नीट पाहायला हवी. ‘असॉल्ट फायरआर्म’ म्हटलं की लष्कराची धडाधड गोळ्या सोडणारी बंदूक डोळ्यांसमोर येते. विधेयकाचा रोख सेमी-ऑटोमॅटिक बंदुकांवर होता. यात चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते आणि पुढची आपोआप नळीत चढते. अशा रायफलीला काढता-घालता येणारं मॅगझिन असेल आणि जोडीला यादीतलं एखादंच वैशिष्ट्य असेल, तरी ती बंदीत येत होती: दुमडणारा किंवा आखूड करता येणारा दस्ता, पिस्तुलासारखी मूठ, आटे पाडलेली नळी वगैरे. एकाच नळीची, एकाच गोळीची, एकाच वेगाची रायफल लाकडी दस्त्यात कायदेशीर आणि पिस्तुली मुठीत बेकायदा ठरू शकत होती. विरोधकांचा सगळ्यात टिकाऊ युक्तिवाद हाच होता, कारण तो सुनावणीच्या टेबलावर दोन वस्तू शेजारी ठेवून दाखवता येतो.

मॅगझिनच्या आकड्याचंही तसंच. हाउसमध्ये मर्यादा १० गोळ्यांवरून १२ केली गेली. सवलत दिली असं वाटावं. पण ग्लॉक १९ या सर्वसामान्य पिस्तुलाचं कारखान्यातून येणारं मॅगझिन १५ गोळ्यांचं असतं, ग्लॉक १७चं १७चं, आणि एआर-१५ रायफलीबरोबर सर्रास येतं ते ३०चं. म्हणजे १२च्या रेषेने फक्त रायफलवाले अडकत नव्हते. उशाशी साधं पिस्तूल ठेवणारी, कधी कुठल्या मोर्चाला न गेलेली माणसंही अडकत होती. ग्रामीण भागातल्या डेमोक्रॅट सिनेटरांना फोन यायला लागले ते या गटाचे.

ठरावांची लाट, आणि ठरावाचं खरं वजन

निवडणुकीनंतरच्या दहा आठवड्यांत १००हून अधिक काउंटी (आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग), शहरं आणि गावांनी ‘सेकंड अमेंडमेंट सँक्च्युअरी’ म्हणजे शस्त्र बाळगण्याचा हक्क देणाऱ्या घटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीला आपल्या हद्दीत अभय देणारे ठराव केले. राज्यात काउंटी ९५ आणि स्वतंत्र शहरं ३८ आहेत, म्हणजे नकाशाचा बहुतेक भाग. कॅरोल काउंटीने तर निवडणुकीच्या आधी, मे महिन्यातच असा ठराव केला होता. मागे बळ होतं ते व्हर्जिनिया सिटिझन्स डिफेन्स लीग या राज्यपातळीवरच्या संघटनेचं. तिचे अध्यक्ष फिलिप व्हॅन क्लीव.

पद्धत अगदी साधी होती, म्हणून चालली. काउंटीचा कारभार बोर्ड ऑफ सुपरवायझर्स पाहतं. त्याच्या नेहमीच्या बैठकीत लोकांना बोलायची वेळ असते, बहुधा माणशी तीन मिनिटं. कारकुनाकडे नाव नोंदवायचं. ठरावाचा तयार नमुना आधीच सदस्यांच्या हाती द्यायचा. त्यात बोर्डाने काउंटीचा पैसा, माणसं आणि इमारती घटनाविरोधी बंदूककायद्यांसाठी न वापरण्याचा इरादा व्यक्त केलेला असायचा. येणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर ‘गन्स सेव्ह लाइव्ह्ज’ लिहिलेलं भडक नारिंगी गोल स्टिकर. सभागृहात एरवी पाच-दहा माणसं असायची, आता शेकडो. स्टिकरमुळे मोजणी सोपी झाली. कोण कुठल्या बाजूचं हे सुपरवायझरला मान वर केली की कळायचं, आणि पुढच्या निवडणुकीत याच लोकांसमोर जायचंय हेही.

पण कायद्याच्या दृष्टीने या ठरावात दम नव्हता, हे स्वच्छ सांगायला हवं. व्हर्जिनियात ‘डिलन नियम’ चालतो. १९व्या शतकातले आयोवाचे न्यायाधीश जॉन डिलन यांच्या निकालांवरून आलेला हा नियम म्हणतो की स्थानिक संस्थेला राज्य देतं तेवढाच अधिकार असतो. आपल्याकडे ग्रामपंचायतीने ठराव करून विधिमंडळाचा कायदा रद्द होत नाही, तसंच. २० डिसेंबरला राज्याचे ॲटर्नी जनरल मार्क हेरिंग यांनी लेखी मत दिलं की या ठरावांना कायदेशीर परिणाम नाही. शिवाय शेरीफ म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख हा स्वतंत्रपणे निवडून आलेला घटनात्मक अधिकारी असतो. बोर्ड त्याला ‘हा कायदा राबवू नकोस’ असा हुकूम देऊ शकत नाही, आणि बोर्डाच्या ठरावाची ढाल करून तो कोर्टात उभाही राहू शकत नाही.

इथेच गोंधळ झाला. ‘आमची काउंटी सँक्च्युअरी आहे, इथे नवा कायदा लागणार नाही’ असं अनेकांनी खरंच मानलं. असं मानून वागणाऱ्या माणसावर फौजदारी गुन्हा लागतो, तेव्हा ठरावाचा कागद त्याच्या काही कामाचा नसतो. नमुना वाटणाऱ्यांनी प्रत्येक बैठकीत हे पहिल्या वाक्यात सांगायला हवं होतं. ठराव किती कच्चा असतो याचा दाखला प्रिन्स विल्यम काउंटीत मिळाला. मुदत संपत आलेल्या रिपब्लिकन बोर्डाने डिसेंबरमध्ये ठराव केला आणि नव्या डेमोक्रॅट बोर्डाने जानेवारीत, पहिल्याच आठवड्यात, तो फिरवला.

मग ठरावांनी साधलं काय? राजकीय नकाशा काढून दिला. कुठल्या सिनेटरच्या मतदारसंघातल्या किती काउंटींनी, किती गर्दीत ठराव केला हे कागदावर आलं. व्हर्जिनिया बीचच्या नगरपरिषदेनेही जानेवारीत दुसऱ्या दुरुस्तीच्या बाजूने ठराव केला, आणि तो रिचमंडमध्ये इतर कुठल्याही ठरावापेक्षा बारकाईने वाचला गेला असणार.

२० जानेवारी

मार्टिन ल्यूथर किंग दिनाची सुटी हा व्हर्जिनियात नागरिकांनी आमदारांना भेटायचा परंपरेचा दिवस, ‘लॉबी डे’. एरवी या लीगचे काहीशे लोक येतात. २०२०मध्ये अधिकाऱ्यांच्या अंदाजाने २२,००० आले. सुमारे ६,००० जण धातुशोधक यंत्रातून विधानभवनाच्या आवारात गेले आणि १६,००० बाहेर रस्त्यांवर राहिले. त्यांतल्या पुष्कळांच्या खांद्याला रायफल होती, कारण आवारात शस्त्रबंदी होती आणि बाहेर नव्हती.

१५ जानेवारीला नॉर्दम यांनी आणीबाणी जाहीर करून ही बंदी घातली होती. याच राज्यातल्या शार्लट्सविलमध्ये ऑगस्ट २०१७ला गौरवर्चस्ववाद्यांच्या मेळाव्यात झालेला हिंसाचार त्यांच्यासमोर होता. लीगने आणि गन ओनर्स ऑफ अमेरिका या बंदूकमालकांच्या देशपातळीवरच्या संघटनेने कोर्टात धाव घेतली. मुद्दा चांगला होता: आणीबाणीच्या राज्य कायद्यातच शस्त्र बाळगण्याच्या हक्काला हात लावू नये असं कलम आहे. रिचमंडच्या न्यायाधीशांनी बंदी कायम ठेवली आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही. त्याच सुमारास एफबीआयने ‘द बेस’ या वंशद्वेषी गटाच्या तिघांना पकडलं. ते रिचमंडला यायच्या बेतात असल्याचं सांगितलं गेलं. गव्हर्नरची भीती हवेतली नव्हती.

दिवस मात्र शांततेत गेला. सकाळी गोठवणारी थंडी, अकराला भाषणं, दुपारपर्यंत पांगापांग. तोंडावरचा फडका काढला नाही म्हणून एका तरुणीला झालेली अटक एवढीच काय ती कारवाई. जाताना लोकांनी कचराही उचलला. आयोजकांनी आधीपासून बजावलं होतं की चिथावणीला उत्तर द्यायचं नाही. त्या शिस्तीचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

तरीही या मोर्चाने हाउस थांबलं नाही. बरोबर २२ दिवसांनी, ११ फेब्रुवारीला, म्हणजे एका सभागृहाची विधेयकं दुसरीकडे जायच्या शेवटच्या दिवशी, एचबी ९६१ हाउसमध्ये ५१–४८ने मंजूर झालं. रिचमंड, फेअरफॅक्स, लाउडनच्या उपनगरांतून निवडून आलेल्या सदस्यांनी बंदूकनियंत्रणाचा शब्द देऊनच मतं मिळवली होती. लाउडन-फेअरफॅक्सच्या याच पट्ट्यात आयटीतली मराठी कुटुंबंही बरीच आहेत. रस्त्यावर कितीही माणसं आली तरी तिथल्या आमदाराला ती आपले मतदार वाटत नाहीत.

आता सिनेटचं गणित. २१–१९ असताना एक डेमोक्रॅट फुटला तर २०–२० होतं आणि बरोबरी फोडायला लेफ्टनंट गव्हर्नर असतो. तेव्हा ते पद जस्टिन फेअरफॅक्स या डेमोक्रॅटांकडे होतं. म्हणजे पूर्ण सभागृहात किमान दोन माणसं फुटायला हवीत. समितीत १५पैकी ८ मतं लागतात आणि ६ हातात होती, म्हणजे तिथेही दोनच. विधेयक समितीतच अडलं तर पूर्ण सभागृहात कोणालाच मत नोंदवावं लागत नाही, आणि काठावरच्या आमदाराला हेच हवं असतं. ‘नाही’ म्हणण्याऐवजी ‘पुढच्या वर्षी अभ्यास करून पाहू’ म्हणायची सोय तर सोन्याहून पिवळी. दोनऐवजी चार जण फुटले त्यामागे ही सोय होती असं आमचं मत आहे. चौघांत कोणा एकाच्या नावावर खापर फुटणार नव्हतं.

अशा वेळी आमदाराकडे काय पाठवायचं याचीही रीत आहे. स्वतःच्या मतदारसंघातल्या माणसाने, पूर्ण पत्त्यासह, विषयाच्या ओळीत विधेयकाचा क्रमांक घालून, एका पत्रात एकाच विधेयकावर, आपल्याला कोणतं कलम कसं लागतं हे लिहायचं. मालकाकडे कोणतं पिस्तूल आहे, त्याचं मॅगझिन किती गोळ्यांचं आहे, विधेयकातली १२ची मर्यादा त्याला कुठे आडवी येते. असं पत्र कार्यालयातला कारकून वेगळं काढतो. हजार जणांनी पाठवलेला एकच मजकूर नुसता आकडा म्हणून मोजला जातो. धमकीचं पत्र तर पोलिसांकडे जातं आणि पुढच्या दहा चांगल्या पत्रांवर पाणी पडतं.

जे मंजूर झालं

एचबी ९६१ अडलं, पण बाकीची विधेयकं पुढे गेली आणि १ जुलै २०२०पासून लागू झाली. आंदोलनाच्या भाषेत ही ‘हार’. कलमं वाचली तर सिनेटमध्ये बरीच छाटणी झालेली दिसते. पार्श्वभूमी तपासणीच्या हाउसच्या मसुद्यात विक्रीशिवायची हस्तांतरंही होती, शेवटी फक्त विक्री उरली. हरवलेल्या वा चोरीला गेलेल्या बंदुकीची खबर २४ तासांत द्यायची होती, ती मुदत ४८ तास झाली आणि चुकल्यास २५० डॉलरपर्यंत दिवाणी दंड. मुलांच्या हाती भरलेली बंदूक लागू देण्याच्या गुन्ह्यात वयोमर्यादा १८ करायचा बेत होता, ती १४वरच राहिली आणि शिक्षा वाढली. ३० दिवसांत एकच पिस्तूल विकत घेण्याचा १९९३चा नियम २०१२मध्ये रद्द झाला होता, तो परत आला. पण पिस्तूल लपवून बाळगण्याचा परवाना असलेल्यांना त्यातून सूट मिळाली. धोकादायक वाटणाऱ्या व्यक्तीकडून बंदूक तात्पुरती काढून घेण्याच्या कायद्यात अर्ज फक्त पोलीस किंवा सरकारी वकील करू शकतात. पहिला आदेश १४ दिवसांचा, सुनावणीनंतर १८० दिवसांपर्यंत.

रोजच्या जगण्यात सर्वांत जास्त बोचला तो वेगळाच कायदा. गावांना आपल्या इमारतींत, बागांत, परवानगीने होणाऱ्या कार्यक्रमांत शस्त्रबंदी करायची मुभा मिळाली. दाराशी फलक लावणं बंधनकारक आहे. पण एका काउंटीतून दुसरीत जाताना कायदेशीर माणूस एका बागेच्या फाटकात गुन्हेगार ठरू शकतो. या विधेयकावर ताकद फारच कमी लागली. सगळे एआर-१५कडे पाहत होते.

मराठी वाचकासाठी एक जोड सांगण्यासारखी आहे. ठरावांची लाट चालू होती त्या डिसेंबर २०१९मध्येच आपल्या संसदेत शस्त्र अधिनियमाची दुरुस्ती चालू होती. परवानाधारकाला तीन बंदुकांऐवजी एकच ठेवता येईल असा मूळ प्रस्ताव होता. खासदारांच्या आणि राज्यांच्या विरोधानंतर तो आकडा दोनवर आला. भारतात शस्त्र हा हक्क नाही, जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्तांनी दिलेला परवाना आहे, त्यामुळे वादाची पातळीच वेगळी. पण इथेही आकडा मसुद्याच्या टप्प्यावरच हलला.

पुढचं पुन्हा चार मतांशी येऊन मिळतं. त्या चौघांपैकी पीटरसन २०२३च्या पक्षांतर्गत निवडणुकीत हरले, आणि बंदुकांवरची त्यांची मतं प्रचारात त्यांच्याविरुद्ध वापरली गेली. डीड्स यांनी तर पुढे स्वतःच असॉल्ट फायरआर्म बंदीचं विधेयक आणलं, मॅगझिनची मर्यादा १२वरून पुन्हा १०वर. २०२४मध्ये ते दोन्ही सभागृहांत मंजूर झालं आणि मार्चमध्ये रिपब्लिकन गव्हर्नर ग्लेन यंगकिन यांच्या नकाराधिकाराने अडलं. नोव्हेंबर २०२५मध्ये डेमोक्रॅट अबिगेल स्पॅनबर्गर गव्हर्नर म्हणून निवडून आल्या. सिनेटचा आकडा २०२३च्या निवडणुकीपासून पुन्हा २१–१९ आहे, आणि बरोबरी झाली तर निर्णायक मत देणाऱ्या लेफ्टनंट गव्हर्नर आहेत हैदराबादेत जन्मलेल्या गझाला हाश्मी. त्या पहिल्यांदा सिनेटवर निवडून आल्या होत्या ५ नोव्हेंबर २०१९ला, सत्तांतराच्या त्याच रात्री.